मनगटावरची नाडी

बर्फावरून स्की करत जाणाऱ्या खेळाडूची नाडी मोजायची, तर आधी त्याला थांबवावं लागतं. हातमोजा काढायचा, मनगटावर नाहीतर गळ्याशी बोटं टेकवायची, घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि आलेल्या आकड्याला चारने गुणायचं. अडचण अशी, की खेळाडू थांबला की त्याचं हृदयही लगेच मंदावायला लागतं. खेळाडू जितका तयारीचा, तितके ठोके झपाट्याने उतरतात. त्यामुळे प्रशिक्षकाच्या वहीत पडणारा आकडा दम घेणाऱ्या हृदयाचा असायचा. चढावर असताना त्याच हृदयावर किती भार आला होता, ते वहीत कुठेच नसायचं.

उत्तर फिनलंडमधल्या औलू विद्यापीठातले प्राध्यापक सेप्पो सॅयनॅयॅकांगस यांनी ही अडचण हाती घेतली. फिनलंडमध्ये क्रॉस-कंट्री स्कीइंग हा घराघरातला खेळ, आणि खेळाडूंच्या तयारीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारे लोकही तिथे बरेच. १९७७ साली त्यांनी 'पोलार' ही कंपनी काढली. औलूला लागून असलेल्या केंपेले गावातून ती आजही चालते. १९८२ मध्ये तिचा 'स्पोर्ट टेस्टर पीई २०००' बाजारात आला. छातीवर बांधायचा एक पट्टा, मनगटावर एक घड्याळ आणि दोन्हींमध्ये तार नाही. धावता धावता, एक पाऊलही न थांबता, आपल्या हृदयाचा वेग माणसाला दिसू लागला.

तेव्हा फक्त निवडक खेळाडूंना मिळणारी ही सोय आज पहाटे टेकडी चढणाऱ्या आजोबांच्या मनगटावर आहे आणि शाळेच्या मैदानात फेऱ्या मारणाऱ्या शिक्षिकेच्याही. आकडा सगळ्यांना दिसतो. तो वाचायचा कसा, हे मात्र घड्याळाच्या खोक्यात लिहिलेलं नसतं. या प्रकरणात मला मुख्यतः एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. हृदयाच्या ठोक्यांचा सुटा आकडा तंदुरुस्तीबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. तो कोणत्या कामाच्या वेळचा आहे, कोणत्या हवेतला आहे आणि तुमच्याच मागच्या महिन्याच्या आकड्याशेजारी कसा दिसतो, हे पाहिलं की तो बोलायला लागतो.

ठोका पकडायच्या दोन रीती

अंगावर घालायच्या उपकरणांत ठोका दोन तऱ्हांनी पकडला जातो. एक तऱ्हा विजेची, दुसरी उजेडाची.

विजेची तऱ्हा जुनी. प्रत्येक ठोक्याआधी हृदयाच्या स्नायूंतून विजेची एक लाट जाते, आणि तिचा क्षीण अंश त्वचेपर्यंत पोचतो. तो असतो जेमतेम एका मिलिव्होल्टच्या आसपास. नेदरलंड्समधल्या लायडन इथे विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाट कागदावर स्पष्ट उतरवली. त्यांचं यंत्र सुमारे २७० किलोचं होतं, ते चालवायला पाच माणसं लागत आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागे. ईसीजी हे नाव जगभर रुळलं ते त्यांच्या या कामामुळे. १९२४ चं नोबेल पारितोषिकही त्यासाठीच मिळालं. पुढे अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नॉर्मन होल्टर या संशोधकाला वाटलं, की माणूस निजलेला असतानाच हृदय का तपासायचं? १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पाठीवर घ्यायचं, रेडिओलहरींवरून ईसीजी पाठवणारं यंत्र बनवलं. त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं, आणि ते पाठीवर घेऊन होल्टर स्वतः व्यायामाच्या सायकलवर बसले. आज डॉक्टर 'चोवीस तासांचं होल्टर लावून घ्या' म्हणतात, ते याच माणसाचं नाव.

छातीचा पट्टा हा या घराण्यातला सगळ्यात सुटसुटीत वंशज. आतल्या बाजूला दोन इलेक्ट्रोड असतात. ते ईसीजीचा सगळा आलेख काढत बसत नाहीत; त्यातलं सर्वांत उंच टोक तेवढं ओळखतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती मिलिसेकंद गेले ते मोजतात. पट्टा बांधण्याआधी इलेक्ट्रोड पाण्याने ओले करायचे, कारण कोरडी त्वचा वीज नीट वाहू देत नाही. बांधायचा तो बरोबर छातीच्या खाली, हाडाच्या टोकाशी, दीर्घ श्वास घेताना काचणार नाही पण उडी मारली तर घसरणारही नाही इतपत घट्ट. हे न करता नुसता अडकवला, तर पहिली पाच-सात मिनिटं आकडे वेडेवाकडे येतात, विशेषतः थंड कोरड्या हवेत सिंथेटिक टी-शर्ट अंगावर फडफडत असेल तेव्हा. घाम आला की गाडी आपोआप रुळावर येते.

उजेडाची तऱ्हा निराळी. रात्री अंधारात स्मार्टवॉच मनगटावरून जरा उचलून पाहा. मागच्या काचेखाली हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या बारीक वाहिन्यांत रक्ताची लाट येते, तेव्हा हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो आणि परतून येणारा उजेड कणभर कमी होतो. लाट ओसरली की पुन्हा वाढतो. दिव्यांशेजारचा सेन्सर हा चढउतार टिपतो. त्वचेतून येणाऱ्या उजेडात रक्त कसं 'दिसतं' याचा पायाभूत अभ्यास अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकातच केला होता. पण हे तंत्र मनगटावर मावायला पुढची सत्तरेक वर्षं जावी लागली.

या पद्धतीची कमजोरी तिच्या मुळाशीच आहे. परतणाऱ्या उजेडातला ठोक्याचा वाटा शंभरात एखाददुसरा भाग इतकाच असतो. हात हलला, घड्याळ सरकलं, मनगटाचे स्नायू आवळले, की त्यापेक्षा मोठी गडबड उजेडात होते. घड्याळातला हालचाल मोजणारा सेन्सर ती गडबड वजा करायचा प्रयत्न करतो. कधी कधी हिशेब उलटा पडतो आणि घड्याळ पावलांनाच ठोके समजतं. धावणाऱ्याची पावलं मिनिटाला १६० ते १८० पडतात, त्यामुळे आरामात धावतानाही ठोके १७० दाखवले जातात. आकडा असा चढलेला दिसला आणि श्वास मात्र शांत असला, तर श्वासावर विश्वास ठेवावा. डंबेल्स घट्ट धरताना, दोरीच्या उड्या मारताना, कडाक्याच्या थंडीत त्वचेतल्या वाहिन्या आकसलेल्या असताना आणि मनगटावर गोंदण असताना चूक वाढते. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, कोपराच्या बाजूला, आणि व्यायामापुरतं एक घर जास्त घट्ट बांधलं, तर बराच फरक पडतो.

सावळ्या त्वचेवर हिरवा उजेड कमी चालतो का, ही शंका आपल्याकडे रास्तच आहे, कारण त्वचेतलं मेलॅनिनही तो शोषतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये निरनिराळ्या वर्णांच्या लोकांवर अनेक घड्याळं तपासली. त्वचेच्या रंगामुळे अचूकतेत म्हणावा असा फरक त्यांना आढळला नाही. शांत बसण्यापेक्षा हालचालीत मात्र चूक बरीच वाढलेली दिसली. म्हणून रोजचं चालणं, जॉगिंग, झोप यांसाठी घड्याळ पुरे. थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश असा इंटरव्हलचा व्यायाम करणाऱ्याने पट्टाच वापरावा. घड्याळ तिथे काही सेकंद मागे पडतं आणि चढाचं टोक हुकवतं.

हृदय वेग कशासाठी बदलतं

हृदयाच्या उजव्या कप्प्यात वरच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका आहे. ठोक्याची सुरुवात तिथून होते. या पुंजक्याला त्याच्या मर्जीवर सोडलं, तर तरुण माणसाचं हृदय मिनिटाला साधारण १०० वेळा धडधडेल. पण मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस त्याला सतत आवरून धरते, म्हणून बसल्या जागी आपले ठोके साठ-सत्तरच्या घरात राहतात. आपण चालायला लागलो की ही नस आधी आपली पकड सैल करते. शंभरच्या पुढे जायचं झालं की ॲड्रेनॅलिनची यंत्रणा जोर लावते. शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर नुसतं उभं असतानाही ठोके ११० दिसतात, ते या यंत्रणेमुळेच. पाय अजून हललेले नसतात, मन धावायला लागलेलं असतं.

बसल्या जागी शरीराला मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त लागतं. एका ठोक्यात ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडत असेल, तर ७० ठोके हवेत. महिनोन्‌महिने नियमाने दमश्वासाचा व्यायाम केला, की हृदयाचा डावा कप्पा मोठा आणि लवचिक होतो, शरीरातलं रक्ताचं प्रमाणही वाढतं, आणि एका ठोक्यात १०० मिलिलिटर बाहेर पडायला लागतं. मग तेवढ्याच कामाला ५० ठोके पुरतात. विहिरीवर मोठी घागर नेणाऱ्या बाईला खेपा कमी पडतात, तसाच हा हिशेब. लांब पल्ल्याच्या धावपटूंचे विश्रांतीतले ठोके चाळिशीत का असतात, हे यावरून कळतं. सर्वसाधारण प्रौढ माणसाचे ते ६० ते १०० असतात.

व्यायामाने विश्रांतीचे ठोके उतरतात आणि त्याच वेगाने धावतानाचे ठोकेही उतरतात. कमाल ठोके मात्र व्यायामाने वाढत नाहीत. ते वयाबरोबर सावकाश घटत जातात, आणि खेळाडू त्याला अपवाद नसतो.

२२० वजा वय

या कमाल ठोक्यांपाशीच बहुतेकांची पहिली चूक होते. जवळजवळ प्रत्येक घड्याळ पहिल्या दिवशी तुमचं वय विचारतं, २२० मधून ते वजा करतं आणि त्यावर पाच रंगीत 'झोन' आखून देतं. हे सूत्र अमेरिकेत १९७१ साली फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या लेखातून पसरलं. आधीच्या काही अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून काढलेला तो ढोबळ अंदाज होता. लक्षात ठेवायला इतका सोपा, की जिमच्या भिंतीवर जाऊन बसला. २००१ मध्ये हिरोफुमी तानाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यास आणि १८,७१२ लोकांची माहिती एकत्र करून नवं सूत्र दिलं: वयाला ०.७ ने गुणा आणि २०८ मधून वजा करा. पंचेचाळिशीत दोन्ही सूत्रं जवळपास एकच उत्तर देतात, १७५ आणि १७६. पासष्टीला मात्र जुनं सूत्र १५५ सांगतं आणि नवं १६२. जुन्या सूत्रावर चालणाऱ्या ज्येष्ठांना उगाचच जास्त जपून चालायला लावलं जातं.

पण कोणतंही सूत्र घेतलं तरी ते सरासरीचं आहे. एकाच वयाच्या माणसांत कमाल ठोके दहा-बारांनी सहज इकडेतिकडे असतात. समजा, पंचेचाळीस वर्षांच्या एका बाईंचे खरे कमाल ठोके १८८ आहेत. घड्याळ १७५ धरून दुसऱ्या झोनची, म्हणजे आरामाच्या व्यायामाची, वरची हद्द १२२ ला आखतं. त्यांची खरी हद्द १३१ च्या पुढे आहे. रोज घड्याळ 'फार जोरात' म्हणतं, त्या रोज पाय आवरत्या घेतात, आणि सहा महिन्यांनी विचारतात की सुधारणा का नाही.

यावर एक जुना आणि चांगला उपाय आहे. फिनलंडचेच मार्टी कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये तरुण विद्यार्थ्यांना ट्रेडमिलवर धावायला लावून अभ्यास केला आणि कमाल ठोक्यांबरोबर विश्रांतीचे ठोकेही हिशेबात घेतले. कमाल १७६ आणि विश्रांतीचे ६६ असतील, तर मधला पल्ला ११० ठोक्यांचा. त्याचे ६० टक्के म्हणजे ६६; त्यात विश्रांतीचे ६६ मिळवले की १३२. व्यायामाने विश्रांतीचे ठोके ५८ वर आले, की हाच हिशेब १२९ देतो. माणूस बदलतो तशी त्याची पट्टीही बदलते, हे या पद्धतीचं बलस्थान.

आणि सगळ्यांत भरवशाची कसोटी यंत्राशिवायची आहे. चालताना किंवा धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं, तर व्यायाम हलका ते मध्यम. तीन-चार शब्दांनी श्वास घ्यावा लागला, तर जोराचा. आठवडाभर रोज अशी कसोटी घेत त्या वेळचे ठोके पाहून ठेवले, की तुमच्या झोनची खरी सीमा तुम्हालाच सापडते. मग घड्याळातल्या सेटिंगमध्ये जाऊन वयावरून आलेला आकडा पुसून टाकावा आणि आपला घालावा.

हे एवढं नीट आखायचं कारण असं, की सगळा व्यायाम सारख्याच जोराने करणारा माणूस फार पुढे जात नाही. नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर यांनी रोइंग, स्कीइंग, धावणं अशा खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. त्यांचा जवळपास ८० टक्के सराव आरामाचा आणि उरलेला अगदी जोराचा होता. आपल्यासारखे हौशी लोक नेमकं उलटं करतात: रोज थोडं जास्त जोरात, त्यामुळे जोराच्या दिवशी दम उरत नाही. मनगटावरचा आकडा आपल्याला जोरात पळवण्यापेक्षा सावकाश ठेवायला जास्त उपयोगी पडतो.

घाटात आणि उकाड्यात

सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने वर जायचं आणि त्याच वाटेने उतरून यायचं असतं. अशा शर्यतीत 'किलोमीटरला किती मिनिटं' हा हिशेब कुचकामी ठरतो. सपाटीवर सहा मिनिटांत किलोमीटर धावणारा माणूस घाटातही तोच वेग धरायला गेला, तर दुसऱ्या-तिसऱ्या वळणालाच ठोके कमालीच्या जवळ जातात, पाय जड होतात आणि उतारावर जो वेळ भरून काढायचा तो काढायला मांड्या उरत नाहीत. अनुभवी धावपटू घाटात मिनिटं बघत नाहीत. ठोक्यांची एक हद्द ठरवतात, ती ओलांडली की पावलं छोटी करतात, वेळ पडल्यास चालतात, आणि ठोके खाली आले की पुन्हा धावतात. वेग चढाप्रमाणे बदलतो, मेहनत मात्र एकसारखी राहते.

मुंबईत गोष्ट वेगळी. जानेवारीतल्या मॅरेथॉनला निघताना पहाट असते, पण समुद्राकाठची हवा दमट, आणि परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येईपर्यंत ऊन वर आलेलं असतं. अशा हवेत वेग तोच ठेवला तरी ठोके हळूहळू चढत जातात. घामावाटे रक्तातलं पाणी कमी होतं, उरलेल्या रक्ताचा मोठा वाटा अंग थंड ठेवायला त्वचेकडे वळतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. मग एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं आणि ती तूट भरायला ठोके वाढतात. तासाभरात दहा-वीस ठोक्यांचा चढ त्यातून सहज होतो. ज्याने हे समजून घेतलं आहे, तो पहिल्या दहा किलोमीटरमध्येच हद्दीच्या आठ-दहा ठोके खाली राहतो. कोकणात किंवा गोव्यात एप्रिल-मेमध्ये पळणाऱ्याने तर पुण्याच्या डिसेंबरमधल्या आकड्यांशी आपली तुलना करूच नये. दोन्हींच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात.

सकाळचा आकडा

व्यायामाच्या वेळचे ठोके जितके बोलतात, तितकेच झोपेतले आणि सकाळी डोळे उघडल्यावरचेही. रोज एकाच वेळी, अंथरुणावरच, चहाच्या आधी घेतलेला आकडा सर्वांत स्वच्छ. दोन-तीन आठवड्यांत तुमची नेहमीची पातळी कळते. एखाद्या सकाळी ती सात-आठने वर दिसली, तर कारण शोधावं: कमी झोप, आदल्या रात्रीचं मद्य, फार कडक सराव, येऊ घातलेला ताप. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की ठोके साधारण दहाने वाढतात, आणि ही वाढ कधी कधी अंग दुखायच्या आधीच दिसते. करोनाच्या साथीत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मायकेल स्नायडर यांच्या गटाने घड्याळांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अनेक बाधितांचे विश्रांतीचे ठोके लक्षणं सुरू व्हायच्या आधीच वर गेलेले आढळले.

बायकांनी ही पातळी ठरवताना पाळीचं चक्र लक्षात घ्यावं. चक्राच्या उत्तरार्धात ठोके दोन-तीनने वर राहणं अगदी स्वाभाविक आहे, आणि गरोदरपणात ते आणखी वाढतात. आणि एक गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. हिमोग्लोबिन कमी असलं की प्रत्येक ठोक्यात प्राणवायू कमी जातो आणि तीच वाट चालायला ठोके जास्त लागतात. घड्याळ त्यावर 'फिटनेस कमी' असा शिक्का मारतं. अशा बाईला जास्त चालायला सांगण्याआधी तिच्या रक्ताची तपासणी करायला हवी.

पट्टा किंवा चांगलं घड्याळ आणखी एक गोष्ट देतं: दोन ठोक्यांमधल्या वेळातला चढउतार, म्हणजे एचआरव्ही. मिनिटाला ६० ठोके म्हणजे बरोबर सेकंदाला एक, असं निरोगी हृदय वागत नाही. ९८०, १०४०, १०१० मिलिसेकंद अशी अंतरं पडतात. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. व्हेगस नस आरामात काम करत असेल, तर हा चढउतार भरपूर असतो. थकवा, ताण, आजारपण यांत तो आक्रसतो. इथे शेजाऱ्याचा आकडा पूर्णपणे निरुपयोगी आहे. एकाचा ३० आणि दुसऱ्याचा ८० असून दोघंही ठणठणीत असतात. आपला आठवड्याचा सरासरी कल तेवढा पाहावा. एका सकाळच्या घसरणीने सराव रद्द करू नये.

व्यायाम थांबवल्यावर ठोके किती लवकर उतरतात, हाही एक बोलका आकडा. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये २,४२८ लोकांच्या ट्रेडमिल चाचण्यांचा सहा वर्षं पाठपुरावा झाला आणि १९९९ मध्ये निष्कर्ष आले. जोराच्या व्यायामानंतर सावकाश चालत असताना पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमी उतरले, त्यांच्यात पुढच्या वर्षांतले मृत्यू लक्षणीय जास्त होते. सुरुवातीला मी ज्या अडचणीबद्दल लिहिलं, थांबताच मंदावणारं हृदय, तीच आज हृदयाची एक परीक्षा होऊन बसली आहे.

घड्याळाला न कळणाऱ्या गोष्टी

घड्याळावर दिसणाऱ्या सगळ्या आकड्यांवर सारखा विश्वास टाकू नये. स्टॅनफर्डमध्येच २०१७ साली साठ जणांवर सात उपकरणं तपासली गेली. सातांपैकी सहांनी ठोके पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले. जळलेल्या कॅलरींचा अंदाज मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाचाही २७ टक्क्यांनी चुकला, आणि सर्वांत वाईटाचा ९३ टक्क्यांनी. तेव्हा 'आज चारशे कॅलरी जाळल्या' म्हणून दोन वडापाव जास्त खाणं हा हिशेब धोक्याचा. 'व्हीओटू मॅक्स', म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, म्हणून दिसणारा आकडाही वेग आणि ठोके यांच्या नात्यावरून बांधलेला अंदाज असतो. तो वर चाललाय की खाली, एवढंच पाहावं.

ठोक्यांची लय बिघडण्याचा एक प्रकार, एट्रियल फिब्रिलेशन, घड्याळ ओळखू शकतं, पण मर्यादेत. ॲपलच्या घड्याळावर झालेल्या मोठ्या अभ्यासात ४,१९,२९७ लोक सहभागी होते. त्यांतल्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना लय अनियमित असल्याची सूचना आली. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर ईसीजीची पट्टी लावून परत पाठवली, त्यांतल्या ३४ टक्क्यांत हा विकार त्या पट्टीवर दिसला. सूचना आली म्हणजे घाबरून जायचं कारण नाही, आणि दुर्लक्ष करायचंही नाही; डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्यावा.

सर्वांत गंभीर गोष्ट अशी, की घड्याळाला हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही. रक्तवाहिनीत साठलेली चरबी मनगटावरच्या उजेडाला दिसत नाही. बाहत्तरचे सुंदर नियमित ठोके चालू असताना वाहिनी तुंबत असू शकते. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी येतो, हे अनेक देशांत मिळून झालेल्या अभ्यासात दिसून आलं आहे. म्हणून छातीत दाब किंवा जळजळ, हात-जबडा-पाठ यांत पसरणारी कळ, नेहमीच्या जिन्यावर अचानक लागणारी धाप, घाम येऊन डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही झालं तर आकडा कितीही छान असो, थांबावं आणि रुग्णालय गाठावं. चाळिशीनंतर पहिल्यांदा जोराचा व्यायाम सुरू करणाऱ्यांनी, मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना भेटावं. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना तर घड्याळाचे झोन लागूच होत नाहीत, कारण ही गोळी ठोके फारसे वर जाऊ देत नाही. त्यांनी बोलण्याच्या कसोटीवर चालावं.

महिन्यातून एकदा, त्याच रस्त्यावर

आता तंदुरुस्ती प्रत्यक्षात मोजायची कशी, ते सांगतो. घराजवळचा तीन किलोमीटरचा सपाट रस्ता किंवा मैदानाच्या फेऱ्या निवडा. महिन्यातून एकदा, पहाटे, एकाच वेळी, उपाशीपोटी किंवा दर वेळी सारखंच थोडं खाऊन जा. दहा मिनिटं हलकं चालून अंग मोकळं करा. मग ठोके एका ठरलेल्या आकड्यावर, समजा १३० वर, धरून तीन किलोमीटर पुरे करा. आकडा वर गेला की सावकाश, खाली आला की जरा जोरात. लागलेला वेळ, त्या दिवशीची हवा आणि आदल्या रात्रीची झोप वहीत लिहा. धावणारा माणूस नसाल, तर उलटं करा: तेच तीन किलोमीटर दर वेळी अर्ध्या तासात चाला आणि सरासरी ठोके लिहा.

पहिल्या महिन्यात १३० ठोक्यांवर सत्तावीस मिनिटं लागली आणि चौथ्या महिन्यात त्याच ठोक्यांवर पंचवीस, तर तुमचं हृदय आता एका ठोक्यात जास्त काम करतंय. कोणत्याही सूत्राशिवाय, कोणाशीही तुलना न करता, हे तुमच्याच रस्त्यावर सिद्ध झालं. वेळ वाढत चालला असेल, तर आधी हवा बघा, मग झोप, मग सरावाचा जोर, आणि दोन-तीन महिने कारण सापडलं नाही तर रक्ततपासणी करून घ्या.

कामाचं माप ठरलेलं ठेवून हृदयाचं उत्तर पाहणं, हाच या सगळ्या उपकरणांचा गाभा आहे. त्यासाठी भारी मॉडेल लागत नाही. साधा पट्टा, एक वही आणि वर्षभराची चिकाटी एवढं पुरतं, आणि बारा नोंदी झाल्या की आपल्या शरीराबद्दल जी माहिती हाती येते, ती कुठलंही ॲप पहिल्या दिवशी देऊ शकत नाही.